९५७७ आणि ९६३२ : एका ओळखीला लागलेली पंचवीस वर्षं

हे प्रकरण दोन आकड्यांचं आहे, ९५७७ आणि ९६३२. एकक अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. दूरच्या काही ताऱ्यांचा प्रकाश वर्णपटात पसरून पाहिला, की डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त टोकाकडे, बरोबर या दोन जागी तो थोडा कमी भरतो. वाटेत कुणीतरी तो खाल्लेला असतो. कुणी, याचा अंदाज १९९४ मध्येच आला होता. तो बहुतेकांनी मान्य करण्याइतका पक्का व्हायला २०१९ उजाडलं. मधली पंचवीस वर्षं कुठे गेली, ते इथे मांडायचं आहे. माझ्या मते त्यातला मोठा भाग एकाच अडचणीत गेला: संशयित अवकाशात ज्या अवस्थेत असतो, त्या अवस्थेत त्याला प्रयोगशाळेत उभंच करता येत नव्हतं.

जागची न हलणारी रेषा

मृग नक्षत्रात हरणाच्या पोटात रुतलेला बाण म्हणून आपण जे तीन तारे दाखवतो, त्यांतला एक पाश्चात्त्य यादीत डेल्टा ओरायनिस आहे. नुसत्या डोळ्यांना तो एकटा दिसतो, पण आहे जोडतारा. जोडीतले तारे एकमेकांभोवती फिरत असल्यामुळे त्यांच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा कधी निळ्या बाजूला, कधी तांबड्या बाजूला झोके घेतात. १९०४ मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमला योहानेस हार्टमन यांच्या लक्षात आलं, की कॅल्शियमची एक रेषा या झोक्यात सामीलच होत नाही. याचा अर्थ ती ताऱ्याची नव्हतीच. तारा आणि आपण यांच्यामधल्या, रिकाम्या समजल्या जाणाऱ्या जागेतल्या कुणाची तरी ती होती.

कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेत संशोधन करणाऱ्या मेरी ली हेगर सोडियमच्या अशाच स्थिर रेषांच्या मागावर होत्या. १९२२ मध्ये त्यांनी ५७८० आणि ५७९७ अँगस्ट्रॉमपाशी आणखी दोन रेषा नोंदवल्या. अणूच्या रेषा सुईने ओढल्यासारख्या असतात, या मात्र शाई फुटल्यासारख्या पसरट होत्या. पुढच्या दशकात माउंट विल्सन वेधशाळेच्या पॉल मेरिल यांनी त्या ताऱ्यांमधल्या अवकाशातल्याच असल्याचं पक्कं केलं. इंग्रजीत त्यांना ‘डिफ्यूज इंटरस्टेलर बँड्स’ म्हणतात. आपण धूसर पट्टे म्हणू. आज अशा पट्ट्यांची यादी साडेपाचशेच्या पुढे आहे, आणि जवळजवळ संपूर्ण विसावं शतक सरलं तरी त्यांतल्या एकालाही सर्वमान्य धनी मिळाला नव्हता. (हेगर यांनी पुढे लिकचे जुने कागद जमवून लावून ठेवले. तिथलं ते दप्तर आज त्यांच्याच नावाने चालतं.)

पट्टे पसरट आहेत, तेव्हा ते अणूंचे नसून रेणूंचे असावेत, इथवर फारसा वाद नव्हता. पण कोणत्या रेणूंचे? प्रत्येक रेणू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतो, म्हणून रेषांना रेणूचा अंगठ्याचा ठसा म्हणण्याची पद्धत आहे. उपमा बरी आहे, पण आधारच्या यंत्रावर ठसा जुळायचा तर तो आधी कुणीतरी नोंदवलेला असावा लागतो. एवढ्या मोठ्या रेणूचा ठसा गणिताने काढला, तर उत्तर कित्येक अँगस्ट्रॉमने चुकतं. साडेपाचशे पट्ट्यांच्या गर्दीत इतक्या चुकीला काही किंमत नाही, कारण कुणीही कुणाशीही जुळतो. ठसा प्रत्यक्ष घ्यायचा, आणि तोही संशयित अवकाशात असतो तसाच असताना, याला पर्याय नव्हता.

काजळीतून आलेला संशयित

१९८५ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात हॅरोल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली लेझरने ग्राफाइटची वाफ करत होते. क्रोटो यांचा मूळ हेतू खगोलशास्त्रीय होता: कार्बनी ताऱ्यांच्या आसपास कार्बनच्या लांब साखळ्या कशा तयार होत असतील, हे त्यांना पाहायचं होतं. साखळ्यांबरोबर वस्तुमानमापकावर ७२० या आकड्यापाशी एक उंच शिखर उभं राहिलं. साठ कार्बन अणूंचा, १२ पंचकोन आणि २० षट्कोन जोडून झालेल्या फुटबॉलसारखा बंद गोळा. सी-६०, म्हणजेच बकमिन्स्टरफुलरीन. त्याबद्दल तिघांना १९९६ चं नोबेल मिळालं.

गोळा सापडला, पण चिमूटभरही हातात येत नव्हता. ही अडचण ज्यांनी सोडवली तेही अवकाशाच्याच नादी लागलेले होते. हायडेलबर्गचे वोल्फगांग क्रेचमर आणि ॲरिझोनाचे डोनल्ड हफमन हेलियमच्या वातावरणात ग्राफाइटच्या कांड्या तापवून काजळी धरत होते. ताऱ्यांमधली धूळ २१७५ अँगस्ट्रॉमपाशी अतिनील प्रकाश जास्त गिळते. ते का, हे त्यांना काजळीवरून ताडायचं होतं. १९८३ च्या सुमारास काही नमुन्यांच्या वर्णपटात उंटाच्या पाठीसारखे उंचवटे दिसले, आणि त्यांनी त्या नमुन्यांना ‘उंट’ असंच नाव ठेवलं. हे उंचवटे सी-६० चे आहेत, हे उमगायला काही वर्षं गेली. १९९० मध्ये त्यांच्या गटाने ती काजळी बेंझिनमध्ये विरघळवली आणि लालसर द्रावणातून सी-६० चे स्फटिक काढले. दिवाळीच्या पणतीवर वाटी धरून काजळ करणाऱ्या आपल्या आज्यांना ही कृती फारशी परकी वाटली नसती.

साखळ्यांच्या शोधात गोळा मिळाला आणि धुळीच्या शोधात त्याचा साठा. प्रयोगशाळेतल्या खगोल-रसायनशास्त्राची उपयुक्तता विचारणाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो. तिचा पुढचा भाग सांगायला मात्र जरा धीर लागतो.

क्रोटो आणि इतर काहींनी लवकरच सुचवलं, की धूसर पट्ट्यांपैकी काही धनभारित सी-६० चे, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या गोळ्याचे असू शकतील. सूचना वाऱ्यावरची नव्हती. सी-६० मधून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ७.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरते. ताऱ्यांमधल्या विरळ ढगांत १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचा अतिनील प्रकाश मोकळा फिरत असतो, कारण त्यापुढचा हायड्रोजन खाऊन टाकतो. अशा उजेडात गोळा बराच काळ उदासीन राहील, ही अपेक्षाच चुकीची ठरली असती.

जवळपास जुळलं

१९९३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठात जॉन मायर यांच्या गटाने पहिला ठसा घेतला. सी-६० चे आयन, म्हणजे भारित गोळे, त्यांनी गोठवलेल्या निऑनमध्ये अडकवले. निऑन घट्ट, पारदर्शक आणि स्वभावाने अलिप्त, त्यामुळे त्यात अडकलेला आयन निवांत मोजता येतो. अवरक्त बाजूला दोन ठळक रेषा मिळाल्या, साधारण ९५८३ आणि ९६४५ ला.

दुसऱ्याच वर्षी बर्नार फोईंग आणि पास्काल एरेनफ्रॉइंड यांनी दूरच्या, धुळीआडच्या ताऱ्यांत त्याच परिसरात शोध घेतला. त्यांना दोन नवे धूसर पट्टे सापडले: ९५७७ आणि ९६३२.

इथे क्षणभर बेरीज-वजाबाकी करून पाहावी. एका रेषेत फरक ६ अँगस्ट्रॉमचा, दुसरीत १३ चा. निऑन कितीही अलिप्त असला तरी भोवतालच्या गर्दीचा आयनवर थोडा परिणाम होतोच आणि रेषा सरकतात, हे सर्वांना माहीत होतं. किती सरकतील, हे मात्र आधी सांगता येत नव्हतं. दोन्ही रेषा सारख्याच सरकल्या असत्या तर पटायला सोपं गेलं असतं, पण त्या वेगवेगळ्या सरकलेल्या होत्या. जोडी मिळते, अंतर साधारण मिळतं, जागा मात्र मिळत नाही. लग्नाच्या बैठकीत ‘पत्रिका तशी जुळते’ असं सांगतात, त्यातलाच हा ‘तशी’. फोईंग आणि एरेनफ्रॉइंड यांचा दावा धाडसी होता आणि शेवटी तो बरोबर निघाला. तरी १९९४ मध्ये माझं मत विचारलं असतं, तर मीही थांबायलाच सांगितलं असतं.

थांबण्याचं आणखी एक कारण लवकरच बाझेलच्याच दारात आलं. १९९८ मध्ये मायर यांच्या गटाने सात कार्बन अणूंच्या ऋणभारित साखळीचा वर्णपट वायुरूपात घेतला आणि तिच्या काही रेषा धूसर पट्ट्यांशी जुळत असल्याचं जाहीर केलं. या वेळी निऑनची सबब नव्हती, मोजमाप मोकळ्या आयनचं होतं. तरीही खगोल निरीक्षकांनी अधिक बारकाईने आकाश मोजलं तेव्हा जुळणी टिकली नाही. पट्टे नेमक्या जागी नव्हते, त्यांचा आकार वेगळा होता आणि परस्पर प्रमाण बसत नव्हतं. २००१ मध्ये तो दावा रीतसर फेटाळला गेला. शेकडो पट्टे पसरलेले असताना एखाद-दुसऱ्या रेषेची जुळणी योगायोगानेही होते, हा धडा या क्षेत्राला महागात पडला. माझ्या समजुतीप्रमाणे सी-६० च्या बाबतीत पुढे जी ताणून धरलेली सावधगिरी दिसते, तिची मुळं इथे आहेत.

एकटा, थंड आणि भारित

तिन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या होत्या. गोळा एकटा हवा, कारण शेजार आला की रेषा सरकते. थंड हवा, कारण गरम गोळा थरथरतो आणि रेषा फुगून पसरते. आणि भारित हवा. ही तिसरी अट पहिल्या दोघींच्या मुळावर येते. सारखा भार असलेले आयन एकमेकांना ढकलतात, त्यामुळे ते दाटीवाटीने जमवताच येत नाहीत. सापळ्यात फार थोडे आयन राहतात, आणि इतक्या थोड्या आयनांमधून लेझर सोडला तर प्रकाशात पडणारी तूट कोणत्याही उपकरणाला जाणवत नाही. मग शोषण मोजायचं कसं?

उत्तराचा अर्धा भाग केम्निट्झच्या डीटर गेर्लिख यांच्याकडून आला. त्यांचा आयनसापळा म्हणजे वर्तुळात उभ्या केलेल्या २२ बारीक दांड्या. त्यांना आलटून पालटून वेगाने बदलणारा विद्युतदाब दिलेला असतो. चार दांड्यांच्या नेहमीच्या सापळ्यात विद्युतक्षेत्र मध्यापर्यंत पोचतं आणि आयनांना घुसळून तापवत राहतं. बावीस दांड्यांमध्ये ते कडेलाच भिंतीसारखं उभं राहतं आणि मधला चौक शांत असतो. त्या चौकात थंड हेलियम सोडला, की त्याच्याशी टकरा घेत घेत आयन पाच-सहा केल्विनपर्यंत निवतात. (शून्य सेल्सियस म्हणजे २७३ केल्विन, त्यावरून गारठ्याचा अंदाज यावा.)

उरलेला अर्धा भाग मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत देखणा वाटतो. इतक्या थंडीत एखादा हेलियम अणू गोळ्याला सैलसा चिकटून बसतो. सी-६० चं वस्तुमान ७२०, हेलियमचं ४, त्यामुळे जोडगोळी ७२४ ला वेगळी ओळखू येते. आता लेझर मारायचा. तरंगलांबी चुकीची असेल तर काहीच घडत नाही. बरोबर असेल तर गोळा फोटॉन गिळतो. त्या फोटॉनची ऊर्जा सुमारे १.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि हेलियमला धरून ठेवणारी ओढ तिच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. फांदीला धक्का बसला की पाखरू उडावं तसा हेलियम सुटतो. मग सापळा रिकामा करून ७२४ चे किती उरले ते मोजायचं. उजेड किती कमी झाला हे पाहायचंच नाही, पाखरं किती उडाली ते मोजायचं. लेझरची तरंगलांबी तीळ तीळ पुढे सरकवत हेच पुन्हा पुन्हा केलं, की शोषणाचा आलेख हळूहळू उभा राहतो.

जुलै २०१५ मध्ये यूएन कॅम्बेल, माथियस होल्झ, गेर्लिख आणि मायर यांनी आकडे जाहीर केले: ९५७७.५ आणि ९६३२.७, चूक फार तर दशांशाची. रुंदी दोन-अडीच अँगस्ट्रॉम, आकाशातल्या पट्ट्यांच्या जवळ जाणारी. गोळा फोटॉन गिळल्यावर सेकंदाच्या काही लक्ष-कोटींश भागातच ती ऊर्जा आतल्या आत जिरवून टाकतो. अवस्था जितकी अल्पायुषी तितकी रेषा पसरट, हा निसर्गनियमच आहे. म्हणजे धूसर पट्टे धूसर का, याचं निदान या दोघांपुरतं तरी उत्तर मिळालं. शिवाय मुख्य जोडीच्या तुलनेत फिक्या, साधारण तृतीयांश किंवा त्याहून कमी ताकदीच्या आणखी दोन रेषा मिळाल्या, ९३६५.९ आणि ९४२८.५ ला. त्या पुढे निर्णायक ठरल्या.

चिकटलेल्या पाखराचं वजन

लगेच रास्त शंका आली. मोजलं ते हेलियम बसलेल्या गोळ्याला, अवकाशातल्या गोळ्यावर हेलियम बसलेला नाही. निऑनने रेषा सरकवली, मग हेलियमने का नाही?

त्यावर बाझेलच्या गटाने २०१६ मध्ये एक, दोन आणि तीन हेलियम चिकटलेले गोळे वेगवेगळे मोजले. दर हेलियममागे रेषा सुमारे ०.७ अँगस्ट्रॉम तांबड्या बाजूला सरकत होती. तीन, दोन, एक असं मागे मोजत शून्यावर आलं, की मोकळ्या गोळ्याची जागा मिळते: ९५७७.० आणि ९६३२.१. दुरुस्ती झाली ती आकाशातल्या आकड्यांच्या दिशेनेच. उलट दिशेने झाली असती, तर हा लेख वेगळा लिहावा लागला असता.

त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या गटाने हेलियमच्या अतिथंड थेंबांत हाच प्रयोग स्वतंत्रपणे केला आणि गोळ्यावर डझनावारी हेलियम चढवले. दर अणूमागे तेवढंच सरकणं, सरळ रेषेत, एकामागून एक, ते ३२ व्या अणूपर्यंत. त्यानंतर चाल बदलली. फुटबॉलच्या १२ पंचकोनांची आणि २० षट्कोनांची बेरीज करून पाहा. प्रत्येक तुकड्यावर एक हेलियम बसतो, आणि सगळ्या जागा भरल्या की पुढच्यांना सैल गर्दीत उभं राहावं लागतं. रेषेच्या सरकण्यातून गोळ्याच्या शिवणी मोजता याव्यात, हे कुणाच्याही योजनेत नव्हतं.

आकाशाची बाजू

प्रयोगशाळेने आपला हिशेब चुकता केला, पण आकाशाकडून येणं बाकी होतं. अडथळा अगदी घरगुती होता: पाण्याची वाफ. पृथ्वीच्या हवेतली वाफ ९३०० ते ९७०० या पट्ट्यात इतक्या रेषा उमटवते, की तिथे फिका पट्टा शोधणं म्हणजे श्रावणातल्या झडीत नळाची गळती ऐकण्यासारखं आहे. यावर उपाय म्हणून जवळच्या, धूळ आड न येणाऱ्या ताऱ्याचा वर्णपट घेऊन त्याने भागतात, म्हणजे वाफेचा वाटा छाटला जातो. मोठ्या रेषांना हे चालतं. फिक्या रेषांच्या वेळी छाटणीत राहिलेली खोटच रेषेसारखी दिसू लागते.

९६३२ ची आणखी एक पंचाईत होती. तप्त ताऱ्यांच्या स्वतःच्या वातावरणातली मॅग्नेशियमची रेषा नेमकी तिथेच पडते.

कॅनडाच्या गॉर्डन वॉकर यांच्या गटाने हवाईतल्या दुर्बिणीची जुनी निरीक्षणं उपसून फिक्या रेषा दिसत असल्याचं २०१५ मध्येच सांगितलं. २०१७ मध्ये गलाझुतदिनोव, क्रेवोव्स्की आणि सहकाऱ्यांनी उलट बाजू मांडली. फिक्या रेषा त्यांना सापडल्या नाहीत. आणि धनी एकच असेल तर ९५७७ व ९६३२ यांच्या ताकदीचं प्रमाण सगळ्या ताऱ्यांकडे सारखं हवं, पण ते बदलताना दिसत होतं. या आक्षेपांना त्या वेळी काही ठिकाणी अडवणुकीच्या नजरेने पाहिलं गेलं. मला ते पटत नाही. ‘शतकाचं कोडं सुटलं’ छापाच्या बातम्या तोवर फिरून गेल्या होत्या, आणि साखळीच्या दाव्याचं काय झालं ते विसरण्याइतके दिवस लोटलेले नव्हते. प्रमाण बदलण्याचं कारण मॅग्नेशियम आणि वाफ यांत असू शकतं, हे खरं. पण ‘असू शकतं’ यावर निकाल लावू नका, एवढंच आक्षेप घेणारे म्हणत होते.

मग हवेच्या वर जाणं आलं. नासाच्या गॉडर्ड केंद्राचे मार्टिन कॉर्डिनर आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीवरचा वर्णपटलेखक वापरला. वाफेची कटकट संपली, पण नवी उभी राहिली. या तरंगलांबीला त्या उपकरणाच्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीत प्रकाशाचे आतल्या आत परावर्तन होऊन आडवे-उभे व्यतिकरण पट्टे उमटतात, आणि तेही फिक्या रेषेएवढेच. त्यांनी ताऱ्याचा ठिपका एका जागी न ठेवता निरीक्षण चालू असतानाच फटीच्या लांबीवर सरकवत नेला. प्रकाश बऱ्याच मोठ्या भागावर पसरला, ठिकठिकाणचे दोष एकमेकांत विरले आणि वर्णपट कमालीचा स्वच्छ झाला. धुळीने लालावलेल्या सात ताऱ्यांकडे असं पाहून त्यांनी २०१९ मध्ये निष्कर्ष दिला: ९५७७ बरोबर ९३६५ आणि ९४२८ या फिक्या रेषाही आहेत, प्रयोगशाळेने सांगितलेल्या जागी आणि सांगितलेल्या प्रमाणाला धरून. प्रयोगशाळेत पुढे मिळालेली पाचवी आणि सर्वांत फिकी रेषा, ९३४८ ची, इतकी क्षीण आहे की तिच्याबद्दल हात राखूनच बोलावं लागतं.

दरम्यान २०१० मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने टीसी-१ या ग्रहीय अभ्रिकेत उदासीन सी-६० आणि सी-७० यांचं अवरक्त उत्सर्जन टिपलं होतं. गोळे अवकाशात बनतात याचा तो स्वतंत्र पुरावा. एका ताऱ्याच्या अखेरच्या धुरात ते आहेत हे कळणं, आणि ताऱ्यांमधल्या उघड्या अवकाशात अतिनील मारा सोसत ते टिकून राहतात हे कळणं, यांत मात्र फरक आहे. दुसरी गोष्ट सांगण्याचा मान या मोजक्या रेषांचा.

बाझेलच्या सापळ्यात पुढे धनभारित सी-७० ही मोजला गेला. त्याचं शोषण अनेक फिक्या रेषांत विभागलेलं निघालं, त्यामुळे आकाशात त्याला हेरणं फारच कठीण. हेलियमची हीच युक्ती आता निरनिराळ्या प्रयोगशाळांत इतर कार्बनी आयनांवर चालवली जाते. साडेपाचशेच्या त्या यादीत धनी लागलेल्या रेषा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच आहेत, आणि त्या सगळ्या या एका गोळ्याच्या. हेगर यांच्या ५७८० आणि ५७९७ समोरची जागा अजून कोरी आहे.